माझी लढत थेट विकासाशी

१२ एप्रिल, सकाळी
तिकीट मिळालं! जिल्हा परिषद, आमचा गट, उमेदवार कुंडलिक. म्हणजे मी.
आघाडीच्या तालुकाध्यक्षांनी स्वतः फोन केला. म्हणाले, दुसरं कोणी तयार नाही. त्यांना म्हणायचं असेल, माझ्याइतकं दुसरं कोणी तयार नाही. घाईत होते.
इतकी वर्षं सभेच्या सतरंज्या मी अंथरल्या, खुर्च्या मी लावल्या. माईकवर मात्र मला "हॅलो, माईक टेस्टिंग" एवढंच बोलू दिलं. पण ते बोललो की लोक मान वळवून बघायचे, हा कोण म्हणून. आवाज आधीपासून आहे. आता त्यात फक्त शब्द घालायचे.
संकल्प: रोज आरशासमोर प्रॅक्टिस. कागद हातात धरायचा नाही. कागद बघून बोलणारा माणूस पब्लिकला खोटा वाटतो.
बायकोला सांगितलं. संजीवनी कैऱ्या चिरत होती. म्हणाली, "अहो, बोलायच्या आधी एकदा मनात बोलून बघत जा."
तिला राजकारण कळत नाही. मनातच बोलायचं असतं तर माईक कशाला काढला असता?

१५ एप्रिल
शहापूरला जाऊन फॉर्म भरला. चिन्ह शिलाई मशीन. समोर भगीरथ, चिन्ह छत्री. भगीरथ दोनदा निवडून आलेला. भाषण करतो ते मेलेल्या आवाजात. माझं काम सोपं आहे.
बाहेर एका यूट्यूब चॅनेलवालीनं माईक तोंडाशी धरला. तुमची लढत कोणाशी, असा प्रश्न. उत्तर तयार होतं: लढत व्यक्तीशी नाही, मुद्दा विकासाचा आहे. दमदार आवाजात म्हणालो, "माझी लढत थेट विकासाशी आहे! विकासाला पाडल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही!"
भोवती टाळ्या पडल्या. भगीरथाच्या माणसांनीसुद्धा वाजवल्या. पहिल्याच दिवशी विरोधकांच्या टाळ्या कोणाला मिळतात?
साईनाथ (आमची प्रचाराची जीप चालवतो, भोंगा लावतो, मोबाईलवर व्हिडिओपण काढतो) परत येताना हळूच म्हणाला, "भाऊ, विकास आपल्या बाजूला असतो." म्हटलं, बघू.

१८ एप्रिल
शेजारच्या गावात तात्यांची दशक्रिया. उमेदवारानं दहाव्याला जावंच लागतं. नदीवर तेवढी गर्दी फुकट मिळते. श्रद्धांजलीचे दोन शब्द सगळेच बोलतात. भगीरथ बोलला. पोलीस पाटील बोलले. मग मी.
सुरुवात उत्तम झाली. डोळे मिटून, आवाज खाली. पण मिटलेल्या डोळ्यांनी मला वाटलं असावं की सत्कार समारंभ आहे. (सतरंज्या अंथरताना मी सत्कारच जास्त ऐकलेत. दोष अनुभवाचा.) म्हणालो, "आजच्या या मंगल प्रसंगी सगळा गाव एकत्र आला. असे कार्यक्रम या घरात वारंवार व्हावेत." कोणीतरी खोकलं. ती मला सूचना वाटली नाही, दाद वाटली. म्हणून शेवट केला, "तात्यांना त्यांच्या पुढच्या वाटचालीस शुभेच्छा."
मयताच्या मुलानं तोंडावर उपरणं दाबलं. खांदे हलत होते. बिचारा फार रडला.
तिथून निघताना भगीरथानं माझा हात हातात घेतला. म्हणाला, "कुंडलिक, तू असंच बोलत राव रे." राजकारणात अजून दिलदार माणसं आहेत.

२१ एप्रिल
भातसानगरच्या पलीकडच्या गावात कोपरा सभा. धरण डोळ्यांसमोर, त्याचं पाणी मुंबईला, आणि गावात टँकर. मुद्दा आयता. भाषण असं रचलं होतं: मुंबईला पाणी कमी पडलं तरी चालेल, पण माझ्या माता-भगिनींना पडता कामा नये.
वाक्य लांब झालं. मधल्या मध्ये पाण्याचा प्याला आला, तो प्यायलो, आणि पुढचं टोक आधी बाहेर पडलं. "माझ्या माता-भगिनींना पाणी कमी पडलं तरी चालेल, पण मुंबईला..."
इथे थांबलो. थांबलो हे महत्त्वाचं. दुसरा कोणी असता तर पूर्ण केलं असतं.
हंडा घेऊन बसलेली एक बाई उठली. म्हणाली, "मंग आमी पानी आनायचा कुठून?"
एकदम विचारल्यावर माणूस समोर दिसेल ते बोलतो. मी म्हणालो, "मुंबईहून."
तसं पाहिलं तर चूक काय? पाणी तिथेच आहे.
साईनाथनं गाडी काढली. फार वेगानं काढली. पोरगा मेहनती आहे.

२३ एप्रिल, दुपारी
मुरबाडला शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुक्यांच्या उमेदवारांची एकत्र सभा. मला पाच मिनिटं दिली होती. मी रंगलो आणि वेळेचं भान राहिलं नाही. माझ्या गटातला प्रत्येक रस्ता, प्रत्येक मोरी घेतली. शेवटी हात जोडून मत मागितलं.
खाली उतरल्यावर तालुकाध्यक्ष म्हणाले, "कुंडलिकराव, हे मुरबाड आहे. इथल्या एकाचंही मत तुम्हाला नाही."
म्हटलं, जनसंपर्क कधी वाया जात नाही.
त्यांचा राग खरं तर दुसऱ्या वाक्यावर होता. मुरबाडला रेल्वे नाही, लोक कल्याणला जायला एसटीत नाहीतर जीपमध्ये कोंबून घेतात, म्हणून तो विषय घेतला. "मुरबाडला आजवर रेल्वे आली नाही! आणि माझ्या अंगात रक्ताचा शेवटचा थेंब असेपर्यंत ती येऊ देणार नाही!"
आवाज असा लागला होता की स्टेजवरचे बाकीचे उमेदवारसुद्धा मूठ वर करून "नाही!" म्हणाले. मागाहून सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे चूक सामूहिक आहे.

त्याच दिवशी, जेवणानंतर
मुरबाडच्या आमच्या उमेदवाराचा फोन. जीपवाल्यांच्या युनियननं त्याला पाठिंबा दिला म्हणे. तो आनंदी होता की रडत होता ते कळलं नाही. रेंज नव्हती.

२५ एप्रिल
आज मोठी सभा, आटगावला, भरदुपारी. मांडव कमी पडला. बायका उन्हात. मला राहवलं नाही. नेता म्हणजे आधी माणूस.
"माता-भगिनींनो," म्हटलं, "हे ऊन मला बघवत नाही. माझं भाषण राहू दे बाजूला. आधी सगळ्यांनी छत्री काढा. लाजू नका. आजच्या दिवसात आपल्याला छत्रीशिवाय पर्याय नाही! ज्यांच्याकडे नसेल त्यांनी शेजारणीच्या छत्रीत या. घरी गेल्यावरही सगळ्यांना सांगा, छत्री विसरू नका!"
लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या मायाळूपणाला मिळालेली ही पहिली शिट्टी.
साईनाथनं मोबाईल खाली ठेवला आणि कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. विचारलं काय झालं. म्हणाला, "भाऊ, छत्री भगीरथची."
मी म्हटलं, छत्री सगळ्यांची असते. ही संकुचित वृत्ती बरी नाही.

२६ एप्रिल
सकाळी दुकान उघडत होतो (सिमेंट, पाइप, नळाचं सामान, आटगाव स्टेशनच्या रस्त्याला). भगीरथची जीप गेली. भोंग्यावर माझा आवाज. "छत्रीशिवाय पर्याय नाही! छत्री विसरू नका!" क्लिअर, खणखणीत. शेवटी भगीरथ मेलेल्या आवाजात: आता तरी ऐका.
खोटं कशाला बोलू, आवाज ऐकून पहिल्यांदा छाती भरून आली. जीप वळेपर्यंत.
संजीवनीनं दुपारी डबा आणला. तिच्या भावाचा फोन आला होता, त्याच्या ऑफिसमध्ये सगळे माझा व्हिडिओ बघतायत. तिनं विचारलं, "तुम्हाला वाईट नाही का वाटत, लोक हसतात त्याचं?"
समजावून सांगितलं की हसणं आणि पाठिंबा यांत फरक करायचा नसतो. ती डबा झाकून गेली. भेंडीची भाजी होती. अर्धी राहिली.
संकल्प: छत्री हा शब्द निकाल लागेपर्यंत बंद. गरज पडली तर "कापडी आडोसा".

२८ एप्रिल
गर्दी! गर्दी! गर्दी! आजच्या सभेला लोक झाडावर. कल्याणकडून मोटारसायकलवर पोरं आली. एक कुटुंब डबे घेऊन आलं होतं.
साईनाथनं बातमी आणली: त्याच वेळी भगीरथची सभा पलीकडच्या गावात होती, ती माणसांअभावी रद्द झाली. मी विचारलं, मग भगीरथ कुठे आहे? साईनाथनं बोट दाखवलं. शेवटच्या रांगेत, टोपी पुढे ओढून. भाषणभर डोळे पुसत होता. भावुक झाला असावा. हरणाऱ्या माणसाला समोर आपलं भविष्य दिसतं तेव्हा असं होतं.
आजच्या चुका: फक्त एक. आघाडीच्या ज्येष्ठ नेत्यांचा "अनुभवी" असा उल्लेख करायचा होता, "उपभोगी" असा झाला. ते कानानं कमी ऐकतात. हसून मान डोलावली.

३० एप्रिल
आज ओढ्यापलीकडच्या पाड्यावर गेलो. जीप ओढ्याशी थांबते. पुढे दगडांवरून चालत. आत्ता ओढा कोरडा; पावसात पाड्याला पलीकडे येता येत नाही. पोरांची शाळा बुडते.
सकुबाई म्हणून एक म्हातारी आहे. डोळे बारीक, बोलणं खडं. तिनं मला दगडावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की गेल्या आखाडात तिची सून भिमी अडली होती. ओढा फुगलेला. चौघांनी झोळी करून, गळ्याएवढ्या पाण्यातनं तिला पलीकडं काढली. "पोर जगला," म्हणाली, "पन त्या दिशी आमी सगळी मेलो व्हतो."
मागच्या वेळी मतं मागायला आला होता तो परत आला का, मी विचारलं. "कोन येतो रे बाबा. निवडून आला की त्याला ह्यो ओढा दिसतो."
भिमीच्या कडेवरचं पोर माझ्या प्रचाराच्या मफलरचं टोक चघळत होतं. सकुबाईला हळूच म्हटलं, बाकी सगळं खोटं ठरलं तरी चालेल, इथे साकव झाला पाहिजे. ओढ्यावरचा साधा, पायी जायचा पूल. लाखो लोकांना धरण बांधून देता येतं, आणि यांना साकव नाही?
मग साईनाथनं बॅटरीवरचा माईक दिला. तो द्यायला नको होता.
"या पाड्याला आजपर्यंत साकव मिळाला नाही," म्हणालो, इथवर सरळ होतं. "मी शब्द देतो! निवडून आलो तर पहिल्याच वर्षी इथे पक्का, मजबूत, सिमेंटचा सावकार उभा करीन!"
पाड्यात असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. भिमी पोराला घेऊन खाली बसली. सकुबाईला ठसका लागला. "नको रे बाबा," म्हणाली, "हायेत तेच बास!"
पण जाऊ देईनात. आणखी बोला म्हणाले. भाकर आणि चवळीची भाजी वाढली. ओढ्यापर्यंत पोचवायला सगळा पाडा आला. परत या हां, सकुबाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. इथली मतं पक्की. साईनाथलाही तसंच वाटतं. विचारलं नाही, पण गप्प होता.

२ मे
तालुकाध्यक्षांनी बोलावून घेतलं. उद्या प्रचाराची शेवटची सभा. हुकूम असा: तुम्ही स्टेजवर बसायचं, हसायचं, हात जोडायचे. बोलायचं नाही. एक शब्दही नाही.
मी ओळखलं. गर्दी माझी, आणि बोलणार हे. जुनी खेळी.
तरी संकल्प: पूर्ण मौन. मौनातही एक वजन असतं. आरशासमोर मौनाची प्रॅक्टिस केली. संजीवनी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "छान दिसता असे." लग्नानंतर हे प्रथमच.

३ मे
सभा झाली. अध्यक्ष बोलले. ज्येष्ठ नेते बोलले. मी हात जोडून बसलो. पब्लिक ओरडायला लागली: "कुंडलिकभाऊ! कुंडलिकभाऊ!" खुर्च्या बडवल्या. अध्यक्षांनी नाही म्हणून हात केला तर लोक उठून चालायला लागले. शेवटी अध्यक्षांनीच माईक पुढे केला आणि कानात सांगितलं, "फक्त धन्यवाद."
धन्यवाद म्हणालो. अगदी बिनचूक. तिथेच थांबायचं होतं. पण इतकी माणसं, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. सतरंज्यांच्या दिवसांत मी हेच तर स्वप्न बघत होतो. म्हटलं, एकच वाक्य. पाच वर्षांत कामं केली नाहीत तर तोंड दाखवणार नाही, एवढंच.
बाहेर आलं ते असं: "मला निवडून दिलंत, तर पाच वर्षं तुम्हाला तोंड दाखवणार नाही!"
मैदान आडवं झालं. ज्येष्ठ नेत्यांना ऐकू आलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष स्टेजच्या मागच्या बाजूनं उतरले, तिथे पायऱ्या नाहीत.
तरीसुद्धा एकंदर वातावरण आपल्या बाजूचं. एवढं प्रेम करणारे लोक मत दुसऱ्याला देतील? शक्य नाही. पेढ्यांची ऑर्डर दिली.

५ मे
मतदान. बटण दाबण्याआधी चित्र नीट बघितलं. शिलाई मशीनच होती. बहुतेक.

७ मे, संध्याकाळी
निकाल लागला.
भगीरथ.
जवळपासही नव्हतो. जिथे लोक झाडावर बसले होते, तिथे जेमतेम झाडावरच्यांएवढी मतं. आटगावला छत्रीचा ढीग. ओढ्यापलीकडच्या पाड्याचे आकडे मी दोनदा विचारून घेतले. तिथे तर माझ्या नावासमोर जवळजवळ काहीच नाही. मशीन बिघडलं असेल, असं अधिकाऱ्याला म्हटलं. त्यानं सभ्यपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही ते विकासवाले ना? एक सेल्फी घेऊ?"
घेतला. हसलोसुद्धा. फोटोत चांगला आलोय, साईनाथ म्हणाला.
मतमोजणीच्या दाराशी भगीरथ भेटला. गुलालानं माखलेला. त्यानं मिठी मारली. म्हणाला, "पुढच्या टायमाला पन उभा राव."
घरी पेढे आले होते. संजीवनीनं ते आत ठेवले, चहा केला, जवळ बसली. लोक का हसतात त्याबद्दल मी काही समजावून सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. कप उचलताना म्हणाली, "त्या पाड्याचं तुम्ही मनापासून बोलला होतात. मी व्हिडिओत बघितलं. माईक यायच्या आधीचं."

१३ मे
आठवडाभर दुकानातच होतो. गिऱ्हाईक वाढलंय. पाइप घेतात आणि काहीतरी बोला म्हणतात. मी फक्त भाव सांगतो.
आज राहवलं नाही. साईनाथला न सांगता एकटाच पाड्यावर गेलो. जाब विचारायला, असं निघताना मनात होतं. मफलर घरी ठेवला.
ओढ्यावरच सकुबाई दिसली. मला बघून तिचा चेहरा एवढा फुलला की जाबाचं पहिलं वाक्य विसरलो. ती पाड्याकडे ओरडली, "ए भिमी! आला गो आला! मी बोलली नवती?"
माणसं जमा झाली. कोणी घोंगडी अंथरली. मी सरळ विचारलं, मला मत का दिलं नाही?
सगळे एकमेकांकडे बघायला लागले, जणू मी भलतीच गोष्ट विचारली. सकुबाई म्हणाली, "कसा देनार? निवडून आलेला मानूस हिकडं येतो का? तुमाला मत दिला असता तं तुमी गेला असता. आमी समद्यांनी बसून ठरवला. ह्यो मानूस चांगला हाय, ह्याला पाडायचा."
भिमीनं मान डोलावली. म्हणाली, "आमच्याकडं हसायला कोन येतो दुसरा?"
मी तिथे घोंगडीवर बसून राहिलो. राग शोधला, सापडला नाही. भिमीचं पोर मांडीवर येऊन बसलं. मग पुढच्यांनी टाळ्या सुरू केल्या: बोला, बोला.
उठलो. माईक नव्हता, भोंगा नव्हता. आधी एकदा मनात बोलून बघितलं. मग सांगितलं की साकवासाठी पंचायत समितीत अर्ज करावा लागतो, ग्रामसभेचा ठराव जोडावा लागतो. ठरावासाठी पाड्यानं पुढच्या ग्रामसभेला यावं. मी बरोबर येईन. भगीरथाकडेही जाऊ, आता ते काम त्याचं आहे. पाऊस जवळ आलाय, साकव होईपर्यंत ओढ्यावर धरायचा दोर बांधायला मी दुकानातले पाइप आणून देईन.
एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. साकव दर वेळी साकवच. आयुष्यात इतकं बिनचूक मी कधी बोललो नव्हतो. माझंच मला ऐकताना नवल वाटत होतं.
कोणी हसलं नाही. लोक वाट बघत होते. मग मागची दोघं उठून बैलाकडे गेली. पोरं कंटाळून ओढ्यात उतरली. भिमीनं पोर उचललं, म्हणाली चूल पेटवायची हाय. ठरावाच्या मुद्द्यावर परत आलो तोपर्यंत घोंगडीवर मी आणि सकुबाई, दोघंच.
ती जवळ सरकली. माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.
"आज बरा नाय का रे तुला?" म्हणाली.